अमेरिकन कॉलेजांनी कोच नेमताना विविधता बघावी की फक्त जिंकणं?

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिकेतल्या कॉलेजांनी खेळाचे कोच नेमताना वर्ण, स्त्री-पुरुष असा विविधतेचा विचार करावा का, की जो जिंकून देईल तो, एवढंच बघावं. जिंकण्याच्या हावेनेच खेळाडूंमधली रंगाची भिंत पाडली असं तुमचं म्हणणं आहे, आणि शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की स्कोअरबोर्डला माणसाचा रंग कळत नाही.

कळत नाही, खरं आहे. पण त्या स्कोअरबोर्डकडे बघत किती वर्षं थांबायचं हे माणसं ठरवतात. माझं सगळं उत्तर त्या थांबण्याबद्दल आहे.

आधी मी हे का लिहितेय ते सांगते. मी मूळची साताऱ्याची. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आले आणि खर्चाला हातभार म्हणून दोन वर्षं तिथल्या फुटबॉल खेळाडूंची शिकवणी घेतली. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा.) संध्याकाळी सात ते नऊ स्टडी हॉल असायचा. एकोणीस-वीस वर्षांची, दारात मावणार नाहीत अशी मुलं सराव संपवून यायची, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. वितळलेलं पाणी टेबलाखाली ठिबकत राहायचं आणि मी त्यांना सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवायची. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय होती. हेड कोच गोरे, त्यांच्या आधीचे गोरे, त्यांच्याही आधीचे गोरे. देशपातळीवर बघितलं तरी चित्र फार वेगळं नाही: कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागात खेळाडूंपैकी जवळजवळ निम्मे कृष्णवर्णीय, आणि हेड कोचमध्ये ते प्रमाण साधारण दहात एक.

आता तुमच्या बाजूने विचार करू. कुणी म्हणेल, बरोबर आहे, जिंकून देणारे कोच मिळाले ते नेमले, त्यात रंग कुठून आला? म्हणून दोन माणसांची गोष्ट सांगते.

जीन चिझिक २००७ आणि २००८ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाचे हेड कोच होते. पहिल्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. दुसऱ्या वर्षी २ विजय, १० पराभव. डिसेंबर २००८ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने त्यांना बोलावून हेड कोच केलं. कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. एसईसी ही देशातली सगळ्यात तगडी कॉन्फरन्स आणि ऑबर्न तिच्यातलं मातब्बर घराणं. त्याच जागेसाठी टर्नर गिल यांचीही मुलाखत झाली होती. गिल कृष्णवर्णीय. बफेलो विद्यापीठाची टीम २००५ मध्ये एक सामना जिंकून दहा हरली होती. गिल यांनी ती हातात घेतली आणि तिसऱ्या वर्षी, २००८ मध्ये, तोवर एकही सामना न हरलेल्या बॉल स्टेटला ४२-२४ असं हरवून कॉन्फरन्सचं विजेतेपद आणलं. तरी ऑबर्नने ५-१९ वाल्या, म्हणजे दोन वर्षांत ५ विजय आणि १९ पराभव नावावर असलेल्या, माणसाला घेतलं. ऑबर्नचाच माजी विद्यार्थी, बास्केटबॉलचा चार्ल्स बार्कली, तेव्हा जाहीरपणे भडकला होता.

पुढे गिल यांना डिसेंबर २००९ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने घेतलं. पहिल्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. दुसऱ्या वर्षी २ विजय, १० पराभव. बेरीज करून बघा. आकडान् आकडा तोच. कॅन्ससने दुसरं वर्ष संपताच त्यांना नारळ दिला. त्याच ५-१९ वर एकाला बढती मिळाली होती.

यातली जी बाजू माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते तीही सांगितलीच पाहिजे. चिझिक यांच्या ऑबर्नने २०१० च्या सीझनमध्ये चौदाच्या चौदा सामने जिंकले आणि जानेवारी २०११ मध्ये ओरेगनला २२-१९ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. म्हणजे निव्वळ निकाल बघितला तर ऑबर्नची निवड फळली. त्या वर्षी त्यांच्याकडे कॅम न्यूटनसारखा क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन सगळी चढाई चालवणारा खेळाडू) होता, आणि तो गेल्यावर दोन वर्षांतच टीम ३-९ वर आली आणि चिझिक यांनाही काढलं, हेही खरं. शिवाय ते आधी ऑबर्नचे बचावाचे कोच होते, लोकांना माहीत होते. गिल तिथे काय करू शकले असते हे मला सांगता येणार नाही. पण ऑबर्नने चिझिक यांच्याबाबतीत जे केलं ते नीट बघा: आकड्यांकडे काणाडोळा करून माणसावर भरवसा टाकला. ‘आम्ही फक्त रेकॉर्ड बघतो’ म्हणणाऱ्यांना भरवसाही टाकता येतो, फक्त तो ओळखीच्या चेहऱ्यावर पटकन बसतो.

दोन माणसांवरून सिद्धान्त मांडायला माझ्या विषयाने मला शिकवलेलं नाही. म्हणून एकच विद्यापीठ घेऊ, नोत्र दाम. इंडियानातलं कॅथलिक विद्यापीठ, फुटबॉलचं देऊळच म्हणा.

१९८१ मध्ये त्यांनी जेरी फॉस्ट यांना हेड कोच केलं. फॉस्ट थेट एका हायस्कूलच्या टीमच्या कोचपदावरून आले होते. टीम यथातथाच खेळत राहिली, तरी पाच वर्षांचा करार पूर्ण पाळला. १९९७ मध्ये बॉब डेव्ही आले. पहिल्या तीन वर्षांत २१ विजय, १६ पराभव. त्यांनाही पाच वर्षं मिळाली. २००२ मध्ये टायरोन विलिंगहॅम आले, नोत्र दामचे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच. पहिल्याच सीझनमध्ये सुरुवातीचे आठही सामने जिंकले. तीन वर्षांत २१ विजय, १५ पराभव, म्हणजे डेव्हींपेक्षा एक पराभव कमीच. करार सहा वर्षांचा होता. तीन वर्षांत काढलं. तेव्हाचे विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मलॉय यांनी या निर्णयाची आपल्याला लाज वाटली असं उघडपणे बोलून दाखवलं होतं. मग चार्ली वाइस आले. पहिला सीझन संपायच्या आत, ऑक्टोबर २००५ मध्ये, त्यांना दहा वर्षांचा नवा करार मिळाला. पाच वर्षांत ३५ विजय, २७ पराभव. टक्केवारी काढा: विलिंगहॅम ५८, वाइस ५६. वाइस यांना काढल्यावर विद्यापीठाला करारापोटी १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर रक्कम वर्षानुवर्षं मोजावी लागली.

विलिंगहॅम पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तिथे सपशेल अपयशी ठरले. २००८ मध्ये बाराच्या बारा सामने हरले. त्यावर बोट ठेवून कुणी म्हणतं, बघा, नोत्र दामचं बरोबरच होतं. असेलही. पण वाइस नंतर कॅन्ससला गेले आणि तिथे तेही सपाटून हरले. मुद्दा कोण थोर कोच होता हा नाही. डेव्हींच्या २१-१६ ला ‘अजून थोडं बघू’ म्हणता आलं, आणि विलिंगहॅम यांच्या २१-१५ ला म्हणता आलं नाही, एवढाच आहे.

इथे माझा विषय कामाला येतो. कॉलेज फुटबॉलमध्ये नियमित सीझनला १२ सामने असतात. तीन वर्षांत छत्तीस. त्यात दुखापती, आधीच्या कोचने भरती केलेली मुलं, एखादा वाऱ्याने चुकलेला किक. एवढ्या छोट्या नमुन्यावरून माणसाची कुवत निश्चित सांगता येत नाही. हेच मी त्या मुलांना बर्फाचं पाणी ठिबकत असताना शिकवायची. मग जिथे आकडे बोलत नाहीत तिथे काय बोलतं? मनातलं आधीचं चित्र. ‘हेड कोच’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे एकाच प्रकारचा चेहरा येतो तो एका पराभवात दुर्दैव बघतो आणि दुसऱ्या पराभवात नालायकी. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. असे सगळे लोक वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही.

खेळाडूंच्या बाबतीत जिंकण्याच्या हावेने रंगाची भिंत पाडली, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १९६६ मध्ये कोच डॉन हॅस्किन्स यांनी टेक्सस वेस्टर्न कॉलेजतर्फे बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले आणि केंटकीच्या सगळ्या गोऱ्या टीमला ७२-६५ असं हरवलं. आपण समाजसुधारणा करत नव्हतो, चांगले पाच खेळवले, असंच ते नंतर सांगत राहिले. फुटबॉलमध्ये १९७० साली यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा) कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅम अलाबामाच्या मैदानावर त्यांच्याच गोऱ्या टीमला तुडवत १३५ यार्ड धावला, आणि त्यानंतर अलाबामालाही तसे खेळाडू हवेसे वाटायला लागले, असं सांगतात. पण धावणाऱ्याची ताकद चार सेकंदांत दिसते. कोचची ताकद दिसायला चार वर्षं लागतात. त्या चार वर्षांचा धीर स्कोअरबोर्ड पुरवत नाही.

आपल्याकडे हे घडून गेलंय. पुण्या-मुंबईच्या हिंदू क्रिकेट टीमला दलित समाजातल्या पालवणकर बाळूंची डावखुरी फिरकी हवी होती, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या त्यांच्या शंभराहून जास्त बळींचं कौतुक होतं, पण सुरुवातीच्या काळात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या कुल्हडात. कप्तानी बाळूंना कधीच मिळाली नाही. ती त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाली, १९२३ मध्ये, आणि टीम जिंकली. हात हवे होते, हुकूम नको होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या कृष्णवर्णीय असिस्टंट कोचची आजची तक्रार ऐकताना मला हे हमखास आठवतं.

ती तक्रार अशी. हेड कोच व्हायचं तर आधी कोऑर्डिनेटर व्हावं लागतं, म्हणजे चढाईची किंवा बचावाची सगळी आखणी ज्याच्या हातात असते तो. त्यातही क्वार्टरबॅक सांभाळणाऱ्याला भाव जास्त. कृष्णवर्णीय असिस्टंट मात्र बहुतेक वेळा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे), डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची पुढची फळी) यांच्यावर नेमले जातात आणि त्यांचं खरं काम भरतीचं समजलं जातं: गावोगाव जायचं, मुलांच्या घरच्यांना भेटायचं, मुलगा आणायचा. मग हेड कोचची जागा निघाली की म्हणायचं, माणूस छान आहे, पण आखणीचा अनुभव कुठे आहे?

माझ्या स्टडी हॉलमध्ये जॉर्जियातल्या एका लहान गावचा मुलगा होता, डिफेन्सिव्ह लाइनचा. त्याला आजीने वाढवलेलं. त्याच्या लाइनचे कोच त्याच्या घरी तीन वेळा गेले होते. तिसऱ्या वेळी आजीने त्यांना जेवू घातलं आणि विचारलं, हा जखमी झाला तर तुम्ही याला शिकवाल का? ते म्हणाले, हो. त्याच शब्दावर तो आला होता, हे त्याने मला कितीदा तरी सांगितलं असेल. नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी आम्ही संभाव्यतेची गणितं सोडवत होतो. टेबलावरचे सगळे फोन एकदम थरथरले. हेड कोचना काढलं होतं. हेड कोच गेला की असिस्टंटही बहुधा जातात. हा मुलगा बराच वेळ फोनकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, ‘मिस, माझ्या आजीला हे कोण सांगणार?’ दुसऱ्या दिवशी त्याचे कोच पुठ्ठ्याचं खोकं घेऊन गाडीकडे जाताना मी पाहिले. हेड कोचना करारापोटी पैसे मिळाले. नवे हेड कोच आले तेही अगदी तशाच वळणाचे, देणगीदारांच्या ओळखीतले. त्या लाइनच्या कोचची साधी मुलाखतही झाली नाही.

म्हणून ‘विविधता की जिंकणं’ म्हणताना ‘जिंकणं’ हा शब्द मला अपुरा वाटतो. ही विद्यापीठं आहेत. कोच हा त्या मुलांचा चार वर्षं पालक असतो. ज्या टीममधली निम्मी मुलं कृष्णवर्णीय घरांतून येतात, तिथे एकही निर्णय घेणारा माणूस त्या घरांतून आलेला नसावा, हे मला खटकतं, आणि टीम जिंकत असली तरी खटकतं.

ज्यांना वेळ मिळाला त्यांचं काय झालं तेही बघा. जॉन थॉम्पसन १९७२ मध्ये जॉर्जटाउनला आले तेव्हा बास्केटबॉल टीम आदल्या वर्षी ३ जिंकून २३ हरली होती. १९७५ मध्ये ओळीने पराभव झाले तेव्हा जिममध्ये त्यांच्या वर्णावरून शिवी लिहिलेली चादर फडकवली गेली. विद्यापीठ मागे हटलं नाही. १९८४ मध्ये ते कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या विभागात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच झाले. ‘पहिले’ म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्याचा अर्थ आधीच्यांत कुवत नव्हती असा निघतो, त्यांना संधीच दिली नव्हती, असं ते म्हणायचे. मला त्यांचं हे म्हणणं फार पटतं. एडी रॉबिन्सन यांनी ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात १९४१ पासून १९९७ पर्यंत फुटबॉलचे ४०८ सामने जिंकले. एकाही बड्या गोऱ्या विद्यापीठाने त्यांना हेड कोच केलं नाही. तेव्हा ‘फक्त जिंकणं बघा’ म्हणणारे कुठे होते?

एसईसीमध्ये पहिले कृष्णवर्णीय फुटबॉल हेड कोच नेमले गेले ते थेट डिसेंबर २००३ मध्ये. मिसिसिपी स्टेटने सिल्व्हेस्टर क्रूम यांना घेतलं. हे तेच विद्यापीठ, ज्याच्या बास्केटबॉल टीमला १९६३ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या लोयोलाविरुद्ध खेळण्यासाठी स्वतःच्या राज्यातून लपतछपत बाहेर पडावं लागलं होतं. क्रूम पाच वर्षं होते: २१ विजय, ३८ पराभव. २००७ मध्ये टीम ८-५ झाली, ते एसईसीचे सर्वोत्तम कोच ठरले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा घसरण झाल्यावर पायउतार झाले. ते हरले म्हणून गेले. मला यात अन्याय दिसत नाही. पाच वर्षं मिळाली, फॉस्ट आणि डेव्ही यांना मिळाली तशी.

बायकांचं वेगळंच. १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा आला, मुलींच्या खेळांना पैसा मिळायला लागला. त्याआधी मुलींच्या टीमच्या कोचमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पैसा आल्यावर पुरुष आले, आणि आज बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. उलट दिशेने, मुलांच्या टीमवर बाई, जवळजवळ नाहीच. कृष्णवर्णीय डॉन स्टेली २००८ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या हेड कोच म्हणून आल्या. पहिलं वर्ष १०-१८, दुसरं १४-१५. आज त्यांच्या नावावर २०१७, २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदं आहेत, शेवटचं तर एकही सामना न हरता, ३८-०. कॅरोलिन पेक या कृष्णवर्णीय कोचनी १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला तेच विजेतेपद जिंकून दिलं तेव्हा कापलेल्या बास्केटच्या जाळीचा तुकडा त्यांनी स्टेलींना दिला होता. स्टेली जिंकल्यावर त्यांनी आपल्या जाळीचे तुकडे देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांना नारळ दिला असता तर?

नियम काय करावा असं तुम्ही विचाराल. ओरेगन राज्यात २००९ पासून कायदा आहे की सरकारी विद्यापीठांनी हेड कोच नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या एका तरी लायक उमेदवाराची मुलाखत घ्यावी. मला मुलाखतीच्या सक्तीवर फार भरवसा नाही. निवड आधीच ठरलेली असते आणि एखाद्याला कागद भरण्यापुरतं विमानाने बोलावून घेतात. त्या माणसाचा तो अपमान आहे. कोच नेमताना राखीव जागा असाव्यात असंही मी म्हणणार नाही. पण सरकारी विद्यापीठाने हेड कोचला किती वर्षांचा करार दिला, किती वर्षांनी काढलं, आणि काढताना किती पैसे दिले हे एका तक्त्यात दरवर्षी छापावं. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढताना साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं कबूल केलं. एवढा पैसा चुकीच्या भरवशावर घालवता येतो, तर चौथं वर्ष देणं नक्कीच परवडतं. आणि कोऑर्डिनेटरच्या जागा कुणाला दिल्या जातात हे हेड कोचला दरवर्षी विचारलं जावं, कारण खरी गाळणी तिथे लागते.

नोत्र दामने २०२१ च्या अखेरीस मार्कस फ्रीमन यांना नेमलं. वडील कृष्णवर्णीय, आई कोरियन, वय ३५. पहिले तिन्ही सामने हरले. सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान टीमकडून घरच्या मैदानावर १६-१४ असे हरले तेव्हा माझ्या ऑफिसातल्या नोत्र दामच्या भक्ताने ‘संपला हा’ असं जाहीर करून टाकलं होतं. विद्यापीठ शांत राहिलं. त्यानंतर सलग १३ सामने जिंकून ते २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचले, तिथवर जाणारे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच म्हणून. ओहायो स्टेटकडून ३४-२३ असे हरले. मी तो सामना शेवटपर्यंत पाहिला.

जॉर्जियाचा तो मुलगा आता आपल्या गावाजवळच्या एका हायस्कूलचा हेड कोच आहे. आजी गेली. गेल्या वर्षी त्याच्या टीमने दहापैकी दोन सामने जिंकले. डिसेंबरमध्ये त्याचा मेसेज आला, ‘मिस, दहा म्हणजे छोटा नमुना ना?’ मी लिहिलं, फारच छोटा. प्रिन्सिपलने त्याला पुढच्या वर्षासाठी ठेवलंय. नव्या मुलांचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतोय.